अर्धा भरलेला चौकोन

बसवनगुडीच्या आमच्या घरी माझ्या नोकरीला 'कॉपी करायचं काम' असं नाव होतं. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची विमला कॉम्प्युटरच्या ऑफिसात कॉपी करते." ऐकणाऱ्याला वाटायचं, परीक्षेत करतात तसली. सुरुवातीला मी दुरुस्ती करायची. नंतर सोडून दिलं, कारण त्यांचं काही चुकत नव्हतं. मी सत्तावीस वर्षं कॉपीच केली.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. दवाखाना असो, शाळा असो की कारखाना, सगळ्यांची माहिती हल्ली एका मोठ्या कॉम्प्युटरवर असते. त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हरच्या पोटात डिस्का असतात, आणि डिस्क हे यंत्र असल्यामुळे ती कधी ना कधी बंद पडतेच. म्हणून रोज सगळ्याची एक प्रत काढायची, ती वेगळ्या डिस्कवर नाहीतर टेपवर ठेवायची, आणि अधूनमधून एक प्रत दुसऱ्याच इमारतीत नेऊन ठेवायची. ह्याला बॅकअप म्हणतात. आमची छोटी कंपनी बंगळूरमधल्या तीसेक ठिकाणांचा बॅकअप सांभाळायची. काम नीट चाललं तर कुणाला आमची आठवण येत नसे. आठवण आली, म्हणजे काहीतरी बुडालेलं असायचं.

गिऱ्हाइकं मात्र नमुनेदार. जयनगरातल्या एका दातांच्या दवाखान्यात आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तिथल्या बाईंनी टेपच्या यंत्राची साग्रसंगीत पूजा केली. टेप आत सरकवायच्या फटीवर बोटभर हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी यंत्र बंद. मी फुंकर मारून, ब्रशनं झाडून ते कुंकू काढत होते आणि बाई माझ्या शेजारी उभ्या राहून हळहळत होत्या, "एवढी पूजा केली, तरी बिघडलं बघा!" पुढच्या वर्षापासून आयुधपूजेच्या आठवडाभर आधी मी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करायला लागले, की कुंकू कागदाला लावा आणि कागद यंत्राला चिकटवा. देव समजून घेईल. टेप घेणार नाही.

मी कामाला लागले तेव्हा हे सगळं काळ्या पडद्यावर चालायचं. हुकूम टाइप करायचा, एखादं अक्षर चुकलं की यंत्र रुसायचं. मग काही वर्षांनी आमच्या सॉफ्टवेअरला चित्रांचा पडदा आला. आम्ही त्याला कन्सोल म्हणायचो. डाव्या हाताला झाडासारखी यादी: सर्व्हर, त्याच्या पोटात डिस्का, डिस्कांच्या पोटात फोल्डर. प्रत्येकापुढे एक छोटा चौकोन. ज्याचा बॅकअप हवा त्या चौकोनात माऊसनं टिक करायची. उजवीकडे कॅलेंडर, कुठल्या दिवशी किती वाजता. आणि सकाळी कन्सोल उघडला की प्रत्येक कामापुढे रंग. हिरवी टिक म्हणजे काम झालं, लाल फुली म्हणजे फसलं.

माझे काही सहकारी नाकं मुरडायचे. "हे बायकापोरांचं," असंही एकजण म्हणाला होता. मला मात्र तो पडदा फार आवडला. काळ्या पडद्यावर मी जे इतक्या वर्षांच्या सरावानं करत होते, ते आता कुणालाही दाखवता येत होतं. दवाखान्यातल्या बाईंना, शाळेतल्या कारकुनाला मी शेजारी बसवून सांगायची, "सकाळी हे उघडा. हिरवं आहे ना? मग झालं. लाल दिसलं तर मला फोन करा."

'हिरवं आहे ना? मग झालं.' हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल, त्याची गणती नाही. त्याच वाक्याबद्दल मला आज लिहायचं आहे.

के. आर. पुरमला रेल्वे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर कृत्रिम पाय बनवणारं एक केंद्र आहे. एका ट्रस्टचं. कोलारकडून, बंगारपेटकडून, पार आंध्राच्या हद्दीतून माणसं गाडीनं येतात, कुबड्यांवर उतरतात आणि पाय बसवून परत जातात. त्यांचा बॅकअप माझ्याकडे होता. तिथले मुख्य कारागीर हनुमंतप्पा. माझ्याच वयाचे, अंगानं बारीक, बोटं मात्र सुताराची. मला ते अक्का म्हणायचे. आम्ही कन्नडमध्ये बोलायचो, इथे मराठीत लिहिते आहे एवढंच.

कृत्रिम पायातला खरा अवघड भाग म्हणजे पायाचा जो भाग उरलेला असतो तो ज्यात बसतो ती वाटी. तिला ते सॉकेट म्हणतात. पाऊल, नळी हे बाजारातून आणता येतं. सॉकेट ज्याचं त्याचं. कुठे हाड वर आहे तिथे मोकळं सोडायचं, कुठे मांस भार घेईल तिथे दाबायचं. पहिल्या मापात ते कधीच बसत नाही. माणसाला तीन-चार खेपा घालायला लागतात, घालून चालायचं, दुखलं की सांगायचं, पुन्हा घासायचं. शेवटी एकदाचं बसलं की तो आकार जपून ठेवायचा. कारण दोन-तीन वर्षांनी सॉकेट तडकतं. आकार हाताशी असला तर नवं लगेच करून देता येतं, नसला तर सगळं पहिल्यापासून.

पूर्वी हे आकार प्लास्टरचे असायचे. मागच्या मोठ्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या ओंडक्यांसारखे शेकडो साचे, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. हनुमंतप्पा अंधारातसुद्धा हात घालून बरोबर साचा काढायचे. मग केंद्रात स्कॅनर आला. पायाचं चित्र कॉम्प्युटरमध्ये जायचं, हनुमंतप्पा पडद्यावर आकार सुधारायचे, आणि यंत्र फोमचा ठोकळा कोरून द्यायचं. त्यांनी जुने साचेही एकेक करून स्कॅन केले. वर्ष गेलं त्यात.

केंद्राच्या प्रमुख पद्मिनी मेडमना ती मागची खोली हवी होती. लहान मुलांना नवीन पायावर चालायचा सराव द्यायला जागाच नव्हती, मुलं व्हरांड्यात आल्यागेल्यांच्या चपलांमधून चालायची. साचे काढून टाकायचे ठरलं. हनुमंतप्पा तयार होईनात. मेडमनी मला बोलावलं.

"अक्का," हनुमंतप्पांनी विचारलं, "सर्व्हर जळाला तर?"

"बॅकअप आहे."

"बॅकअप बिघडला तर?"

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि कन्सोल उघडला. महिनाभराच्या हिरव्या टिका ओळीनं उभ्या होत्या. "हे बघा. रोज. एकही लाल नाही. हिरवं आहे ना? मग झालं."

त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. इंग्रजी त्यांना जेमतेम वाचता यायचं. ते म्हणाले, "तुम्ही सांगता म्हणून."

पुढच्या आठवड्यात साचे फोडले. चुरा मागच्या अंगणातल्या खड्ड्यात भरला. मुलांना चालायला खोली मिळाली, भिंतीला रंगीत कठडे लागले. मी तिथे गेले की मुद्दाम त्या खोलीत डोकवायची. माझं त्यात काहीतरी आहे असं मला वाटायचं.

दीडेक वर्षांनी एका सोमवारी सकाळी पद्मिनी मेडमचा फोन आला. सर्व्हर उघडत नव्हता. मी मेट्रोनं निघाले, आणि खोटं कशाला सांगू, मनातून जरा खूश होते. आता मी दाखवणार होते, बॅकअप म्हणजे काय ते. एकाच वेळी दोन डिस्का गेल्या होत्या. मी नवीन डिस्का लावल्या, सगळं पुन्हा उभं केलं, दुपारी कन्सोल उघडून 'परत आणा'च्या पानावर गेले आणि झाड उघडलं.

पत्रव्यवहार होता. भेटीच्या तारखा होत्या. देणगीदारांची यादी होती. आकारांचं फोल्डर नव्हतं.

मी पुन्हा उघडलं. आदल्या दिवसाची प्रत पाहिली, त्याच्या आदल्या दिवसाची, महिन्यापूर्वीची. सगळ्यांपुढे हिरवी टिक, आणि एकातही आकार नाहीत. मग मी रोजच्या कामाची मूळ यादी उघडली, चौकोनांची. सर्व्हरच्या नावापुढचा चौकोन मला रोज भरलेला दिसायचा. तो भरलेला नव्हता. अर्धाच भरलेला होता, राखाडी. त्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण भरलेला चौकोन म्हणजे 'सगळं', आणि अर्धा म्हणजे 'ह्यातलं काही, सगळं नाही'. मी फांदी उघडली. एका डिस्कपुढचा चौकोन रिकामा होता.

ती डिस्क मीच जोडली होती. आठ महिन्यांपूर्वी आकारांना जागा पुरेना, म्हणून एका दुपारी मी नवीन डिस्क लावून सगळे आकार तिच्यावर हलवले होते. त्या दिवशी घाईत होते, धाकट्या नणंदेच्या घरी हळदीकुंकू होतं. चौकोनात टिक करायला विसरले. त्या दिवसापासून सॉफ्टवेअर रोज इमानदारीनं उरलेल्या गोष्टींची प्रत काढत होतं आणि हिरवी टिक देत होतं. त्याला जे सांगितलं होतं ते त्यानं केलं होतं. मी काय सांगितलं होतं, हे त्यानं मला कधी विचारलं नाही, आणि मीही त्याला विचारलं नाही.

हनुमंतप्पा दारात उभे होते. "सापडलं?"

"नाही," मी म्हटलं. "आणि चूक माझी आहे."

ते आत आले आणि शेजारच्या स्टुलावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "अंगणातला खड्डा आता उकरून उपयोग नाही."

आठ महिन्यांपूर्वीच्या प्रतींत आकार असणार होते. पण सहा महिन्यांपेक्षा जुन्या प्रतींची मुदत संपते, कन्सोल त्या यादीतून काढून टाकतो आणि त्यांच्या टेपा पुन्हा वापरात येतात. यादीत तर काही नव्हतं. तरी एक गोष्ट मला काळ्या पडद्याच्या काळापासून माहीत होती: मुदत संपली म्हणजे सॉफ्टवेअर विसरतं, टेप विसरत नाही. तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तिच्यात तसंच असतं. दर महिन्याची एक टेप ट्रस्टच्या बनशंकरीतल्या कचेरीत कपाटात ठेवायला जायची, आणि मुदत संपली की परत यायची. परत यायच्या टेपा तिथला कारकून, शेषाद्री, वेळेवर कधीच पाठवायचा नाही. त्याबद्दल मी त्याला दोनदा फोनवर सुनावलं होतं, मेडमकडे तक्रारसुद्धा केली होती.

मी आणि हनुमंतप्पा रिक्षा करून बनशंकरीला गेलो. वाटभर मी मनातल्या मनात एकच प्रार्थना करत होते, की शेषाद्रीनं ह्या वेळीही माझं ऐकलेलं नसू दे.

शेषाद्रीनं आम्हाला पाहिलं आणि उभाच राहिला. "मेडम, उद्या नक्की पाठवणार होतो. आईशप्पथ. स्वल्प काम होतं म्हणून..."

"किती राहिल्यात?"

"पाच."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. कपाटातून त्यानं टेपा काढल्या. तळहातावर मावणाऱ्या काळ्या चौकोनी डब्या. आकार हलवले त्याच्या तीन आठवडे आधीची टेप त्यांच्यात होती.

त्या टेपेवर काय आहे हे कन्सोल विसरलेला, म्हणून तिची यादी नव्यानं करायला लावायची असते. तशी सोय आहे, एक बटण. ते दाबलं की सॉफ्टवेअर टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतं आणि सापडेल ते लिहून घेतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी ते बटण दाबलं. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू सरकायला लागली. हनुमंतप्पा काम सोडून शेजारी बसले. अर्ध्या वाटेवर पट्टी थांबली. वीस मिनिटं हलली नाही.

"मेली का?" त्यांनी विचारलं.

"टेप घरघरते आहे, ऐका. वाचते आहे."

ते वाकले आणि यंत्राला कान लावून बसले. दुपारी अडीचला झाड उघडलं. आकारांचं फोल्डर होतं. मी त्याच्यावर क्लिक केलं आणि नावं धडाधड खाली आली. हनुमंतप्पांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक नाव वाचायला लागले. कुणाचा उजवा, कुणाचा डावा, कुणाच्या गुडघ्याखाली काय अडचण, सगळं नावाबरोबर सांगत. मी पाणी आणून शेजारी ठेवलं तरी त्यांचं वाचन थांबलं नाही.

दोनशे अकरा आकार परत आले. त्या टेपेनंतर केंद्रात नव्यानं झालेले सव्वीस आले नाहीत. ते कुठेच नव्हते.

पद्मिनी मेडम म्हणाल्या, "सव्वीसजणांना आपण सर्व्हर बिघडला म्हणून सांगू. खोटं नाही ते."

"खोटं नाही, पण खरंही नाही," मी म्हटलं. "फोन मी करते. माझ्या हातून झालं असंच सांगते."

चोवीसजणांना मी फोन केले. तुमच्या पायाचा आकार माझ्या चुकीमुळे गेला, सॉकेट तडकलं की पुन्हा माप द्यायला यावं लागेल, शक्यतो त्याआधीच या. कुणी चिडलं, कुणाला काही समजलंच नाही. मालूरच्या एका आजोबांनी मलाच धीर दिला. एकाचा फोन लागला नाही, त्याला पत्र लिहिलं. आणि सव्विसावी बाई स्वतःच दारात येऊन उभी राहिली.

सुलोचनाबाई. बनशंकरीच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका, मुलींचा खो-खोचा संघ तयार करायच्या. वय चाळीसच्या आसपास. स्कूटरच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. त्या आमच्यासारख्याच, तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी दक्षिणेत आलेल्या मराठी घरातल्या. माझं नाव ऐकल्यावर त्या लगेच आमच्या बंगळुरी मराठीवर आल्या.

"अक्का, सॉकेट वर्षाच्या आतच तडकलं की हो माझं. काल मैदानावर कट्टकन आवाज आला. आकार आहे ना तुमच्याकडे? हनुमंतप्पा म्हणाले होते, चार दिवसांत नवं करून देतो म्हणून."

मी त्यांना बसायला सांगितलं. फोनवर चोवीस वेळा म्हटलेलं वाक्य समोरासमोर म्हणायला फार जड गेलं. पण म्हटलं. चौकोनाचंसुद्धा सांगितलं.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा पाय दुसऱ्यांदा गेला म्हणा की."

"हो," मी म्हटलं.

"पहिल्या वेळी ट्रकवाला थांबलासुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही निदान समोर बसून सांगताय. पण मला राग आलाय हां अक्का. आलाय म्हणजे आलाय."

"यायलाच हवा."

"अठरा दिवसांनी माझ्या पोरींची मॅच आहे. पहिल्यांदा फायनलला पोचल्यात. कुबड्या घेऊन मी बाजूला बसले की त्या सगळ्या माझ्याकडेच बघत बसतात, खेळाकडे नाही." त्या हनुमंतप्पांकडे वळल्या आणि कन्नडमध्ये विचारलं, "किती दिवस लागतील?"

"नीट करायचं तर तीन आठवडे."

"सोळा दिवस."

हनुमंतप्पांनी त्यांच्या पायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सरी, होईल," ते म्हणाले. "पण रोज यायचं."

त्या रोज आल्या, शाळा सुटल्यावर. मीही ऑफिसातून रजा टाकून जायला लागले. माझं तिथे काही काम नव्हतं. हनुमंतप्पांनी मला खडूची भुकटी लावायचं काम दिलं. सॉकेटच्या आतून ती लावायची, बाईंनी घालून चार पावलं चालायचं, आणि काढल्यावर पायाला भुकटी कुठे लागली, कुठे नाही, ते बघायचं. जिथे जास्त लागली तिथे दाब जास्त. चौथ्या दिवशी नडगीच्या टोकाला फोड आला. सुलोचनाबाईंनी ओठ आवळून धरले आणि पुन्हा उभ्या राहिल्या. इतकी वर्षं मी फायली सांभाळल्या होत्या, किती जागा खातात, किती वेळात कॉपी होतात ते मला तोंडपाठ होतं. फाईल म्हणजे असा फोड आहे, आणि तो बरा होईपर्यंतची वाट पाहणं आहे, हे मला त्या खोलीत कळलं.

पंधराव्या दिवशी सुलोचनाबाई मुलांच्या त्या लांब खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या आणि परत आल्या. मग कठड्याला हात न लावता एका पायावरून दुसऱ्यावर झोका घेतला, खो द्यायला वाकतात तशा वाकल्या.

"कसं आहे?" हनुमंतप्पांनी विचारलं.

"पहिल्यापेक्षा बरं बसलंय," त्या म्हणाल्या, आणि लगेच माझ्याकडे वळून मराठीत, "पण हे तुम्हाला माफ केलं म्हणून नाही सांगत हां."

"नका करू," मी म्हटलं.

मॅच त्यांच्या मुली हरल्या, एका गुणानं. त्यांनी फोन करून सांगितलं. वाईट वाटलंच, पण आवाजात उत्साह होता. पुढच्या वर्षीचा संघ त्यांनी फोनवरच मला नावानिशी ऐकवला.

त्यानंतर एका सकाळी हनुमंतप्पा वही-पेन घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. "अक्का, मला ते शिकवा. तुमचा पडदा."

"इंग्रजी आहे सगळं."

"पाय तर कुठल्याच भाषेत नसतो. तो शिकलो ना?"

शिकवायला दोन महिने लागले. त्यांनी वहीत कन्सोलचं प्रत्येक पान पेन्सिलीनं काढलं आणि प्रत्येक बटणाशेजारी कन्नडमध्ये त्याचं काम लिहिलं. त्यांचे प्रश्न मला कुठल्याही इंजिनियरनं कधी विचारले नव्हते. "हिरवं म्हणजे नक्की काय झालं?" "सांगितलेलं काम झालं," मी म्हटलं. "मग सांगितलेलं बरोबर होतं का, ते कुठे दिसतं?" मी म्हटलं, "कुठेच नाही. ते माणसानं बघायचं." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. एक सूचनासुद्धा त्यांचीच: यादीत फांद्या निवडत बसूच नका, सगळा सर्व्हरच निवडा, आणि नको असेल तेवढंच वगळा. म्हणजे नवीन डिस्क आली तरी आपोआप त्यात येईल. मला इतक्या वर्षांत हे का सुचलं नाही? मी जागा वाचवायची सवय लागलेल्या काळातली होते. त्यांना जागेशी देणंघेणं नव्हतं.

आणि महिन्यातून एकदा चाचणी. त्या दिवशी केंद्रात आलेल्या कुणाही एकाचं नाव ते निवडायचे, मी नाही. त्याचा आकार बॅकअपमधून वेगळ्या जागी परत आणायचा, फोममध्ये कोरायचा आणि तो ठोकळा त्या माणसाच्या वापरातल्या सॉकेटमध्ये घालून बघायचा. बसला तर बॅकअप आहे. पहिल्याच महिन्यात, नव्यानं माप देऊन गेलेले मालूरचे ते आजोबा सापडले. हनुमंतप्पांनी ठोकळा त्यांच्या सॉकेटमध्ये सरकवला, फिरवून पाहिला, आणि तो माझ्या हातात दिला. मीही बसवून पाहिला. कुठेही फट नव्हती. आजोबा म्हणाले, "झालं का? माझा पाय द्या आता, गाडी चुकेल."

बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही मी तशीच चाचणी सुरू केली. दाताच्या दवाखान्यात एका रुग्णाचा एक्स-रे परत आणायचा, शाळेत एका वर्गाचे गुण. आमच्या कंपनीतल्या नव्या लोकांना मी शिकवायला बसले की पहिल्या दिवशी माझी ही चूक सांगायची, नाव-गाव वगळून नाही, माझ्या नावासकट. ऐकताना एखादी मुलगी लगेच आपला कन्सोल उघडून स्वतःचे चौकोन तपासायला लागायची. ते बघून बरं वाटायचं.

ह्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी हनुमंतप्पा आले होते. कन्सोलची सगळी जबाबदारी त्यांनी घेतली होती, मी फक्त म्हटलं, "काही झालं तर कुठल्याही वेळी फोन करा." ते हसले.

पावसाळ्याच्या तोंडाला एका गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला. मी गांधी बाजारात भाजी घेत होते.

"अक्का, कशा आहात? गुडघे कसे आहेत?"

इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ते म्हणाले, "मंगळवारी सर्व्हरची डिस्क गेली."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "मंगळवारी? आणि आज सांगताय? मी लगेच निघते. मेट्रो..."

"नको, नको. झालं सगळं. त्याच दिवशी दुपारपर्यंत सगळे आकार परत आणले. सगळे, एकही कमी नाही. मग तीन जणांचे ठोकळे कोरून त्यांच्या सॉकेटात बसवून पाहिले, बसले. काल दिवसभर काम चालू होतं."

"तुम्ही एकट्यानं?"

"वही होती की."

भाजीवाली माझ्याकडे बघत होती, मी तिला हातानं थांब म्हटलं. "मग मला फोन का नाही केलात, हनुमंतप्पा?"

"करणार होतो," ते म्हणाले. त्यांना खरंच आठवून बघायला लागलं. "पण काम सुरू केलं आणि मग विचारण्यासारखं काही उरलंच नाही."

त्यांच्या मागे कुणीतरी लहान मूल जोरात हसत होतं आणि फरशीवर टप टप पावलं वाजत होती. हनुमंतप्पा म्हणाले, "थांबा अक्का, ही पोरगी पळायला लागली आहे. नंतर करतो." आणि त्यांनी फोन ठेवला.